फोटोतला कुत्रा कापू नका: बर्डीवरच्या फोटो लॅबचा स्मृती-अल्बम

नागपुरात घरातलं कोणी गेलं की तेरवीच्या आत एक जण बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फोटो मोठा करायला धावतो. हाताशी असतो आधार कार्डावरचा, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला चेहरा. लॅबवाला तो चेहरा कापतो, मागे निळसर पडदा टाकतो, अंगात कोट-टाय चढवतो आणि संध्याकाळपर्यंत 12 बाय 18 इंचांची फ्रेम हातात देतो. त्या धावपळीत एवढं झालं तरी पुष्कळ. हे परीक्षण त्याच्या पुढच्या कामाचं आहे. दिवस झाल्यावर, सावकाश, अशाच एका लॅबकडून करून घेतलेल्या स्मृती-अल्बमचं. जुन्या स्लाइड, निगेटिव्ह, प्रिंट आणि मोबाइलमधले फोटो स्कॅन करायचे, दुरुस्त करायचे आणि 12 बाय 36 इंचांच्या करिज्मा अल्बममध्ये, म्हणजे लग्नात असतं तशा जाड फोटोबुकात, छापून द्यायचे, अशी ही सेवा. मुळात ती लग्नांसाठी उभी राहिलेली आहे, आणि तिच्यातलं बरंवाईट सगळं तिथूनच येतं.

अल्बम ज्यांचा, त्यांना अख्खा मोहल्ला काका म्हणायचा. बुलेटवर लडाख, पायी मेळघाट, कोणाच्या न्हाणीघरात धामण निघाली की रात्री-बेरात्री जाऊन तिला पकडून रानात सोडणं, फाटकाशी कायम रस्त्यावरची दोन-तीन कुत्री. आणि हे सगळं घर सोडून नाही, काकूंना आणि मुलांना बरोबर घेऊन. अशा माणसाचा अल्बम करायला बसलं की पहिली अडचण लगेच कळते. कॅमेरा आयुष्यभर त्यांच्याच गळ्यात होता. डब्यांतून स्लाइड निघतात त्या चितळांच्या, रानकुत्र्यांच्या, तंबूत झोपलेल्या मुलांच्या, चुलीवर चहा ठेवणाऱ्या काकूंच्या. स्वतः काका मोजक्याच फोटोंत. लॅबला नुसता गठ्ठा नेऊन दिला तर अल्बम वन्यजीव प्रदर्शनाचा होतो, माणसाचा होत नाही.

म्हणून निवड घरीच करायची, लॅबवर सोडायची नाही. स्लाइडला खालून उजेड देणारा लाइटबॉक्स नसेल तर मोबाइलवर पांढरं पान उघडून, उजेड पूर्ण वाढवून, त्यावर स्लाइड धरून पाहा. काका शोधायचे ते बुलेटच्या आरशात, पाण्यातल्या प्रतिबिंबात, संध्याकाळच्या उन्हात पुढे पडलेल्या लांब सावलीत, पिल्लाला दूध पाजणाऱ्या हातात. अशा फ्रेम एरवी वाया गेलेल्या म्हणून बाजूला पडतात. स्मृती-अल्बममध्ये त्यांची किंमत वाघाच्या फोटोपेक्षा जास्त आहे.

आता शीर्षकातली गोष्ट. एका प्रिंटमध्ये काका खिंडसी तलावाच्या काठावर बसलेत, डावा हात कुत्र्याच्या मानेवर, कुत्र्याची शेपटी हललेली आणि म्हणून धुरकट. डिझायनरने पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे छापण्याआधी दाखवायच्या नमुन्यात, सवयीने कुत्रा कापला. कुत्रा गेला की हात हवेत लोंबकळतो, म्हणून मग हातही गेला. हात गेला की तिकडे झुकलेला खांदा विचित्र दिसतो, म्हणून खांदा सरळ केला. शेवटी उरला तो पासपोर्टातला गृहस्थ. वर चेहऱ्यावरून सॉफ्टनिंग फिरवलं आणि भुवईवरचा जुना व्रण पुसून टाकला. कामात सफाई इतकी की परक्या माणसाला काही खटकणार नाही. घरच्यांना मात्र ते काका वाटत नाहीत. हे टाळायला ऑर्डरच्या कागदावरच लिहून द्यावं: पार्श्वभूमी बदलायची नाही, कपडे बदलायचे नाहीत, चेहरा गुळगुळीत करायचा नाही, जनावर कापायचं नाही. दुरुस्ती म्हणजे ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग आणि उडालेला रंग, एवढंच. लेखी दिलं की या लॅबने ते तंतोतंत पाळलं, ही त्यांची जमेची बाजू.

स्कॅनिंग हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. मात्र काय मागायचं ते माहीत हवं. 35 मिमी फिल्मवरची एका फोटोची फ्रेम 36 बाय 24 मिलिमीटरची असते. 2400 डीपीआयला, म्हणजे इंचाला 2400 ठिपक्यांनी, स्कॅन केलं तर तिच्यातून साधारण 3400 बाय 2270 पिक्सेल निघतात, म्हणजे 8 बाय 12 इंचांचा फोटो छान छापता येतो. 4000 डीपीआयला 5670 बाय 3780 पिक्सेल निघतात, तेवढे 12 बाय 18 ला पुरतात. दर फ्रेममागे असतो आणि रिझोल्यूशनप्रमाणे वाढतो, म्हणून सगळं सरसकट 4000 ला करून घेण्यात अर्थ नाही. निवडलेलं सगळं 2400 ला, आणि पानभर जाणाऱ्या मोजक्या फ्रेम 4000 ला. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर 6400 छापलेलं असलं तरी फिल्ममधला खरा तपशील तो त्याच्या निम्माही काढत नाही. मोठ्या फ्रेमसाठी फिल्म स्कॅनर आहे का, किंवा मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्याने कॉपी करतात का, ते विचारा. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा पूर्ण फ्रेम भरून टिपतो तेव्हा 4200 डीपीआयच्या आसपास काम होतं.

धूळ आणि ओरखडे काढायला स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर आणि बहुतेक रंगीत स्लाइडवर ती सुरेख चालते. जुन्या कृष्णधवल फिल्मवर मात्र ती बंद ठेवायला सांगा. तिथली प्रतिमाच चांदीच्या कणांची असते, इन्फ्रारेड तिच्यातून आरपार जात नाही, आणि मशीन चेहऱ्यालाच कचरा समजून पुसायला लागतं. अग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यातले 6 बाय 6 सेंटिमीटरचे चौकोनी निगेटिव्ह अनेक घरांत निघतात, एका रोलमध्ये बारा. काकांचं लहानपण त्यातच आहे, कडेवर शेळीचं करडू घेऊन. हे निगेटिव्ह मोठे असल्याने साध्या फ्लॅटबेडवरही उत्तम उतरतात, त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

स्लाइड उलटी स्कॅन होणं ही नेहमीची चूक. चकचकीत बाजू कोणती आणि मंद बाजू कोणती हे घाईत पाहिलं जात नाही. जंगलाच्या फोटोत उलट-सुलट कळतही नाही. त्यामुळे प्रूफ तपासताना गाडीचा नंबर, दुकानाची पाटी, शर्टाची बटणं, मनगटावरचं घड्याळ यांच्यावर नजर ठेवा. बुलेटच्या पाटीवरचं एमएच 31 उलटं दिसलं की त्या पट्टीतल्या सगळ्याच फ्रेम पुन्हा पाहाव्यात.

फिल्म देण्याआधी घरी किती साफ करायचं? हवेच्या फुग्याने धूळ उडवा, बस. बुरशी धरली असेल, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत असतील, तर पाण्याचं बोटही लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि प्रतिमा निघून येते. फिल्मच्या डब्याचं झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो डबा आधी स्कॅनला द्या, बाकीचं नंतर. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागल्याची ती खूण आहे, आणि हे थांबवता येत नाही.

आपल्याकडे ही बुरशी येते कुठून, याचं एक उत्तर कूलरमध्ये आहे. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे आणि हवा कोरडी ठक्क, पण खसाच्या कूलरच्या खोलीत भिंतीला हात लावला तर दमट. त्याच खोलीत अल्बमचं कपाट असतं, त्याच भिंतीवर फ्रेम टांगलेली असते. काचेला टेकलेला प्रिंट दोन-चार उन्हाळ्यांत काचेलाच चिकटतो. तसा चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट लॅबला द्या. काचेवरूनच स्कॅन होतो, थोडी चमक येते, ती सुधारता येते. फाटलेला चेहरा सुधारता येत नाही. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले प्रिंट सोडवायला डेंटल फ्लॉस चालतो. फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

पोस्टकार्ड साइजचे 4 बाय 6 प्रिंट 600 डीपीआयला पुरेसे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच रंगीत प्रिंट लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. लॅबचा ऑटो कलर हा लाल रंग काढताना पळसाची फुलंही फिकी करतो. अशा फोटोंना हातानेच सुधारायला सांगा, आणि सुधारताना त्यात ओळखीचं काही असेल तर ते आधी दाखवा: एसटीचा लाल, वनरक्षकाचा खाकी.

काकांच्या डायऱ्याही आहेत. एका पानावर कुत्र्यांच्या रेबीज लशीच्या तारखा, त्याखाली धाकट्याच्या शाळेची फी, त्याखाली तोतलाडोहच्या रस्त्यावर कुठे पंक्चरवाला बसतो ते. सगळ्या अल्बमात यापेक्षा खरा फोटो दुसरा नाही. अशी पानं रंगीत मोडमध्ये 300 डीपीआयला घ्यायची. डॉक्युमेंट मोडमध्ये टाकलं की पेन्सिलीचं अक्षर पुसट होऊन जातं आणि कागदाचा पिवळेपणाही जातो.

फोटो कोणत्या सालचा हे ठरवायला पाट्या कामी येतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 1955 चं आहे, पण व्याघ्र प्रकल्प 1995 मध्ये झाला. महाराष्ट्रातल्या पेंचला तो दर्जा 1999 मध्ये मिळाला, नवेगाव-नागझिऱ्याला 2013 मध्ये, बोरला 2014 मध्ये. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 चं. फाटकावरच्या बोर्डावर ‘व्याघ्र प्रकल्प’ लिहिलेलं असेल तर फोटो त्या सालाच्या आधीचा असूच शकत नाही. मेळघाट 1973-74 पासूनच प्रकल्पात असल्याने तिथे ही युक्ती चालत नाही, तिथे मुलांच्या उंचीवरून ठरवा. डिजिटल कॅमेऱ्याच्या फाइलमधल्या तारखेवर डोळे मिटून विश्वास नको. बॅटरी पूर्ण उतरली की अनेक कॅमेऱ्यांची तारीख मूळ सेटिंगवर जाते आणि पुढचे फोटो सगळे एक जानेवारीचे होतात. लडाखच्या फोटोत खारदुंग ला खिंडीचा बोर्ड 18,380 फूट म्हणतो, प्रत्यक्ष उंची 5,359 मीटर, म्हणजे साधारण 17,582 फूट. बोर्ड फोटोत जसा आहे तसा राहू द्या, खालच्या ओळीत खरा आकडा लिहा. काकांनीही तेच केलं असतं.

ओळी घरच्यांनीच लिहून द्याव्यात. डिझायनरने धामणीखाली ‘कोब्रा’ आणि रोहीखाली, म्हणजे नीलगायीखाली, ‘हरीण’ टाकलं होतं. ज्या माणसाने मोहल्ल्यातल्या पोरांना बिनविषारी साप ओळखायला शिकवलं, त्याच्या अल्बममध्ये हे जाऊ देता येत नाही. घुबडाच्या ढोलीचा फोटो असेल तर झाडाचं नेमकं ठिकाण मात्र लिहू नका. अल्बम दहा घरांत फिरतो आणि दिवाळीच्या आसपास घुबडांची चोरटी शिकार होते.

मराठी मजकुराचा त्रास या लॅबमध्ये हमखास होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर डिझायनर फोटोशॉपमध्ये चिकटवतो आणि ‘चितळ’चं ‘चतिळ’ होतं, जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे बसतो. उपाय सोपा आहे. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असेल तर तो निवडायचा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. आवृत्ती जुनी असेल तर हे जमत नाही. मग मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये जुळवून चित्र म्हणून आणावा लागतो. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये पुन्हा टाइप करून देतो म्हणाले तर करू द्या, पण प्रूफ अक्षर न् अक्षर वाचा.

डिझाइन ही सेवेची कच्ची बाजू. तयार टेम्पलेट सगळे लग्नाचे: कोपऱ्यात गुलाब, सोनेरी वेल, ढगांत विरघळणारे चेहरे. स्मृती-अल्बम म्हटलं की त्यात समई आणि पांढरी फुलं येतात, एवढाच फरक. हे सगळं नाकारून पांढरं किंवा फिकट खाकी पान मागा, एका बाजूला जास्तीत जास्त तीन फोटो. शीट 36 इंच रुंद असते आणि मधोमध, 18 इंचांवर, घडी येते. चेहरा असो की कुत्र्याचं नाक, घडीपासून किमान इंचभर लांब ठेवा, आणि चारही कडांना अर्धा इंच मोकळा सोडा, कारण कटिंगमध्ये कडा जाते. पूर्ण 36 इंचांवर एकच फोटो पसरायचा मोह होतो, विशेषतः डोंगरांचा. 35 मिमीच्या फ्रेममधून तेवढा लांबट तुकडा घेतला तर निम्मी उंची वाया जाते, आणि 4000 डीपीआयला स्कॅन असूनही इंचाला जेमतेम 157 पिक्सेल पडतात. लडाखच्या डोंगरांना ते थोडं खपतं, चेहऱ्यांना नाही.

मोबाइलवरच्या फोटोंचं गणित आणखी कडक. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो लांबीला साधारण 1600 पिक्सेलचा असतो, म्हणजे आठ इंचांच्या वर नेऊ नये. नातेवाइकांना मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. शेवटच्या काही वर्षांतले काका, नातीला खांद्यावर घेऊन फुटाळा तलावावर बदकं दाखवणारे, बहुतेक अशाच फोटोंत असतात.

कागदाच्या बाबतीत लॅब आधी नॉन-टेअरेबल शीट पुढे करते. ती फाटत नाही, पाणी सांडलं तरी पुसता येतं, लहान मुलांच्या हातात देता येते. पण जंगलातल्या सावल्या तिच्यावर काळ्या ठोकळ्यासारख्या बसतात. खरा फोटो पेपर जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला घेतला तर अंधारातलं अस्वलही अंधारात दिसतं. फिनिश मॅट घ्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि दमट खोलीत पानं एकमेकांना धरतात. मेटॅलिक कागद कुत्र्यांच्या केसांवर छान दिसतो, माणसाच्या कातडीवर नाही. फाइल एसआरजीबी या रंगांच्या प्रमाणात आहेत ना ते विचारा, आणि सगळा अल्बम छापण्याआधी एक शीट छापून घ्या, त्यात सर्वांत काळोखा फोटो टाकून. आमच्या कामात त्या एका शीटवरून सगळ्या रानाच्या फोटोंचा उजेड थोडा वाढवावा लागला. शीटचे पैसे वेगळे लागतात, ते द्यावेत.

आवाज आणि व्हिडिओसाठी लॅब पानावर क्यूआर कोड छापून देते. कल्पना चांगली. मिनीडीव्ही ही छोटी व्हिडिओ कॅसेट फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली तर मूळ दर्जा टिकतो, तासाला साधारण 13 जीबी. व्हीएचएसच्या रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच मशीनमध्ये घालू देऊ नका, हेडही खराब होतो आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. काकांच्या कॅसेटमध्ये कुत्र्यांना जेवायला बोलावतानाची हाक आहे, आणि नात तेच पान पुन्हा पुन्हा उघडते. कोड लॅबच्या खात्यावरच्या लिंकचा नको, घरच्या खात्यावरचा असावा, नाहीतर लॅबने तिथली ऑनलाइन जागा रिकामी केली की पान मुकं होतं. आकार किमान दोन सेंटिमीटर, पांढऱ्यावर काळा, फोटोवर छापलेला नको.

वेळ किती लागतो? तेरवीसाठी हे काम सांगूच नका. लग्नसराईत, विशेषतः मे महिन्यात, लॅबची मशीन दिवसरात्र लग्नांवर असतात आणि प्रूफ तपासायला कोणाला उसंत नसते. वर्षश्राद्धाची तारीख धरून तीन-चार महिने आधी स्कॅनिंगला टाकावं. 20 शीट म्हणजे 40 बाजू पुरतात, त्याहून जाड केला तर अल्बम मांडीवर घेववत नाही, आणि काकूंनी तो मांडीवर घेऊनच पाहायचा आहे. भावंडांसाठी त्याच फाइलवरून लहान मिनीबुक निघतात, दर बराच कमी पडतो, पण 12 इंचांसाठी लावलेली अक्षरं तिथे वाचता येत नाहीत. ओळींचा टाइप वाढवून वेगळं प्रूफ घ्या.

सामान परत घेताना स्लाइड आणि निगेटिव्हच्या पट्ट्या पावतीवरच्या आकड्याशी ताडून मोजून घ्या. छापलेल्या पानांच्या फाइलबरोबर मूळ स्कॅनही मागा, मोठ्या फ्रेमचे टिफमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये. 4000 डीपीआयची एक टिफ साधारण 64 एमबीची होते, त्यामुळे पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क न्या आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. डबे परत आल्यावर माळ्यावर टाकू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. कूलर नसलेल्या खोलीतलं लोखंडी कपाट, मधला कप्पा, निळ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या गुलाबी झाल्या की बदलायच्या.